पिचवरून पळू नका

सिमेंट भरलेला रोलर उतारावरून सुटला आणि सरळ माझ्या अंगावर यायला लागला. सकाळी पाय मोकळे करायला मी बिबवेवाडीच्या मैदानात गेले होते. एका बाजूला तारेचं कुंपण, दुसऱ्या बाजूला पाणी मारलेलं पिच. ज्याच्या हातून रोलर सुटला, तो गृहस्थ वरून ओरडला, "आजी, पिचवरून पळू नका! उद्या मॅच आहे!"

या माणसाला मी रोज बघते. नाव कधी विचारलं नाही. गल्लीतल्या क्रिकेट क्लबाचं सगळं तोच करतो. फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारतो, स्टंप ठोकतो, रविवारी अंपायर होतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खातो. त्याच्या हातात बॅट मात्र मी कधी पाहिली नाही. पिचवर पाय ठेवताना तो देवळात काढाव्यात तशा चपला काढतो.

मी पिचवरूनच पळाले, चपलांसकट. रोलर खाली खांबाला धडकून थांबला. तो धावत आला, पण माझ्याकडे नाही. उकिडवा बसून माझ्या पावलांच्या खड्ड्यांत बोट घालून बघू लागला.

"अहो, मी मेले असते!"

त्याने नीट विचार केला. "मग मॅच रद्दच करावी लागली असती. त्यापेक्षा हे बरं."

मला राग यायला हवा होता. पण माझ्यासाठी हा माणूस मॅच रद्द करणार होता, आणि याहून मोठा मान त्याच्याकडे नव्हता.

दुपारपर्यंत बसून त्याने खड्डे बुजवले. दुसऱ्या दिवशी मॅच झाली. मी वाचले, आणि पिचही.