वानखेडेच्या मायची दुसरी जोडी

किस्से दारातल्या चपलांसारखे जमतात. कोण कधी काढून गेलं ते सांगता येत नाही. एके दिवशी उंबरा ओलांडायला जागा उरत नाही, एवढंच. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आमची रविवारची एक डोंगरमंडळी होती. तिचे किस्से तर खरोखरच चपलांचे आहेत.

मी टाइम ऑफिसात कारकून, गोडबोले अकाउंट्समध्ये आणि वानखेडे यंत्रं उभारणाऱ्या इरेक्शन खात्यात फिटर. आठवडाभर धूळ आणि क्रेनचा खडखडाट; रविवारी राजहऱ्याचे नाहीतर डोंगरगडचे डोंगर. म्होरक्या गणपत वानखेडे. त्याचा नियम एकच. "एक जोडी पायात, एक पिशवीत. पिशवीतली हलकी पायजे." पायातली चढायला, पिशवीतली वर पोचल्यावर पायांना सुटी द्यायला.

आम्हाला ही डोंगराची शिस्त वाटे. खरं कारण सेक्टर दोनमधल्या त्याच्या क्वार्टरमध्ये तांदूळ निवडत बसलेलं असे. ती वानखेडेची माय. आम्हीही तिला मायच म्हणायचो.

माय गोंदियाकडल्या एका खेड्यातली. तिथल्या पाटलाच्या ओट्यासमोरून जाताना मायच्या वस्तीतल्या माणसाने पायातलं काढून हातात घ्यायचं, अशी रीत. "लहानपणी मले वाटे, चपला हातातच घालतात," असं ती हसत सांगायची. घरच्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी तिने जाहीर केलं, "आता गावात जाईन त पायात घालूनच जाईन. नाही त नाही जात." गावात तिची एकुलती एक बहीण होती, अंथरुणाला खिळलेली. जायचं तर होतं. पण जन्मभर अनवाणी चाललेल्या पायांना कुठलंही पायताण चावे. चार पावलांत फोड.

म्हणून वानखेडे हलकी जोडी शोधत होता, आणि आमचे पाय ही त्याची प्रयोगशाळा होती.

*

आमच्या पायातले बूट कारखान्याचे. तळाला खिळे, टाचेला नाल. वानखेडे ड्यूटीवरून गल्लीच्या तोंडाशी आला की माय आवाजावरून चहाचं आधण ठेवायची.

एकदा तिने त्यातला एक बूट दोन्ही हातांनी उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"कावून रे गनपत, हे पायात घालाचं हाय, का पाय यात पुराचे हायत?"

*

हलक्या जोडीसाठी पहिली उमेदवारी गोडबोल्यांच्या आजोबांच्या खडावांची. डोंगरगडच्या एका कातळावर गोडबोल्यांनी बूट उतरवले, पिशवीतून खडावा काढल्या आणि छोटंसं व्याख्यान दिलं. चामडं नाही, शिलाई नाही, वजन नाही. आजोबा याच खडावा घालून पायी काशीला गेले होते.

मग ते उभे राहिले. डावी खडाव त्यांच्या आधी निघाली आणि दरीत गेली. गोडबोले उजवी छातीशी धरून बसून राहिले.

वानखेडेने अदबीने विचारलं, "साहेब, आजोबा काशीहून परत आले होते का?"

गोडबोल्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "नाही."

*

मग माझी पाळी. भिलाईतल्या पॉवरहाऊस भागातल्या बाजारातून मी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. पिशवीत आहेत हे कळतही नव्हतं, इतके हलके. उतरताना नाला लागला, बूट भिजले, वाटेत उन्हाने वाळले आणि सेक्टर दोनला पोचेपर्यंत आवळून इतके लहान झाले की निघेनात. शेवटी मायने विळीवर कापले, माझ्या पायांसकट कापते की काय अशा सफाईने.

"हलके हायत," तिने निकाल दिला, "पन पावन्यावानी. एकदा आले का निघत नाहीत."

*

निकोलाय हा रशियन इंजिनियर वानखेडेच्या सेक्शनला होता. एका रविवारी तोही राजहऱ्याला आला, आणि त्या दिवशी मायही आली. आम्ही खिळ्यांच्या बुटांत धापा टाकत वर पोचलो तेव्हा ती अनवाणी केव्हाच येऊन भाकरीचं फडकं सोडून बसली होती. निकोलायने तिला टोपी काढून सलाम केला.

मग त्याने बूट काढले, शेजारी शेजारी नीट मांडले, आणि पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. पुडीत कापडी सपाता निघाल्या. त्या घालून तो दगडावर असा बसला की जणू स्वतःच्या घरी आला. आम्ही पाहतोय हे बघून त्याने हिंदीत खुलासा केला, "बूट, काम. ये, घर."

माय बघतच राहिली. हळूच म्हणाली, "गनपत, याच्या गावात बी पाटील हाय का?"

"नाही माय. तो आपल्या मनानं काढून राहिला."

"मनानं?"

मग तिने हात पुढे केला. निकोलायने एक सपात काढून दिली. चिमणीचं पिल्लू धरावं तशी तिने ती तळहातावर धरली. निकोलायला काय समजलं कोण जाणे, त्याने दुसरीही काढली आणि गुडघे टेकून दोन्ही तिच्या पायांत घातल्या. त्या होडीएवढ्या सपाता ओढत माय कातळाच्या कडेपर्यंत गेली आणि परत आली.

"लागत नाही," ती म्हणाली.



*

त्या धर्तीवर मायने स्वतःची जोडी शिवली. जुन्या लुगड्याचे थरावर थर, त्यांना गोधडीचा टाका, खाली सायकलच्या ट्यूबचा तळ. गोडबोल्यांनी ती हातात घेतली आणि आपण खरंच काही घेतलं आहे ना म्हणून मूठ उघडून पाहिली.

पंधरवडाभर माय ती क्वार्टरमध्ये घालून फिरली. एकही फोड नाही. आवाज तर अजिबात नाही. मागे येऊन उभी राहायची आणि "चहा घे" म्हणायची. गोडबोले प्रत्येक वेळी दचकायचे.

*

मग एका रविवारी आम्ही तिच्या गावाला निघालो. लहानशा स्टेशनवर उतरून मधला डोंगर ओलांडला. डोंगर ती अनवाणीच चढली, अनवाणीच उतरली. शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली बसून तिने पाय पुसले, पिशवी उघडली आणि सपाता घातल्या.

बहिणीच्या घराची वाट फरसबंद गल्लीतून, पाटलाच्या ओट्यासमोरून. ओट्यावर म्हातारे पाटील खाली मान घालून सुपारी कातरत होते. माय गल्लीच्या मधोमध चालत गेली. मागे आम्ही. वानखेडेचा श्वास मला ऐकू येत होता. ओटा आला, ओटा गेला. अडकित्ता कुटकुट चालूच राहिला.

वळणावर पोचल्यावर गोडबोले म्हणाले, "झालं. जिंकलात, माय."

माय थांबली. तिने मागे ओट्याकडे पाहिलं, मग सपातांकडे पाहिलं.

"गनपत, त्याले समजलंच नाही."

"जाऊ दे ना माय. पायात घालून आली ना तू? मावशी वाट पाहून राहिली."

तिने एका दगडावर बसून सपाता काढल्या, झटकल्या, पिशवीत ठेवल्या.

"तुये बूट दे."

"माय, लागतीन तुले."

"लागू दे."

वानखेडेने खाली बसून बूट काढले, तिच्या पायांत चढवले, नाड्या करकचून बांधल्या आणि नुसत्या मोज्यांवर बाजूला उभा राहिला. माय उठली आणि आल्या वाटेने परत निघाली. खिळे आणि नाल फरशीवर वाजू लागले. दोन्हीकडची दारं उघडली.

ओट्यावर अडकित्ता थांबला. बूट थांबले नाहीत.