ते घोरणं नव्हतं

धाकट्या जावेच्या लेकीची हळद होती. सास्तूरला घरासमोरच मांडव घातलेला, बायकांचा नुसता गलका. नवरीचा भाऊ, म्हणजे माझा पुतण्या, सकाळपासून दिसेना. शेवटी सामानाच्या खोलीत सापडला, तांदळाच्या पोत्याला टेकून झोपलेला. तोंडाला दारूचा वास.

दीर म्हणाले, "रातभर नाचलाय. झोपू द्या, उतरंल."

जाऊ चिडली. "बहिणीची हळद अन् ह्याला झोप सुचतीय! अक्का, ताक पाजा त्याला. उद्या नवरदेवाचा कान पिळायला कोण उभारंल?"

मी ताकाचा तांब्या घेऊन गेले. पोरगा मोठ्यानं घोरत होता, घशात पाणी अडकल्यागत. मला वाटलं, घोरतोय म्हणजे बराय.

त्या खोलीची खिडकी शेजारणीच्या ओट्याकडं उघडते. तिचा तरणा पोरगा जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं, म्हणून ती मांडवात येत नव्हती. ओट्यावर बसूनच लसूण सोलून देत होती. पोराला झटका आला, असं तिनं गावाला सांगितलेलं. आम्हीही खोदून विचारलं नाही. अलीकडं आमच्या भागात तरण्या पोरांना झटकेच लई यायलेत. आम्ही सगळे झटकाच म्हणतो, मग कशानं किती गेले हे सरकारला तरी कसं कळणार?

तर ती बाई धावतच आत आली. ओच्यातला लसूण वाटभर सांडला.

"ताक ठेवा खाली, अक्का! तोंडात काय घालू नका. हे घोरणं न्हाय. माझा असाच घोरत व्हता. म्या म्हणलं, बरं झालं, निवांत झोपला. दार लोटून घेतलं. चहाला उठवाया गेले तर गार."

"पण त्याला तर झटका..." दीर म्हणाले.

"कशाचा झटका! गोळ्या व्हत्या, झोपंच्या. त्यावर दारू. आज माझ्या तोंडून ऐका अन् गाडी काढा."

दीर जागचे हलेनात. "भरल्या मांडवातून पोराला उचलून न्यायचं? पोलीस आले तर? सोयरीक मोडंल."

जावेनं लेकाचे ओठ बघितले. निळे पडलेले.

"मोडू द्या," ती म्हणाली, आणि हळदीच्या हातांनीच त्याला उचलायला लागली.

पाहुण्यांसाठी सांगितलेली जीप लोहाऱ्याला पळवली. दीर पुढं बसले, मागं आम्ही तिघी. शेजारणीनं त्याला कुशीवर वळवून धरला होता अन् सारखी ओरडत होती, "ए म्हशा, श्वास घे! घे म्हणते ना!"

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "काय घेतलंय?"

दिरांनी तोंड उघडलं, "ऊन लागलं..."

"गोळ्या अन् दारू, डॉक्टरसाहेब," जाऊ म्हणाली. शेजारणीनं त्याच्या खिशातलं गोळ्यांचं रिकामं पाकीट पुढं केलं.

दिवस मावळायच्या सुमाराला त्यानं डोळे उघडले. आईचे पिवळे हात दिसले. "लग्न झालं?"

"न्हाय रं मुडद्या," जाऊ म्हणाली, आणि मग जी रडली ती थांबेना.

सोयरीक मोडली नाही. दिरांनीच व्याह्यांना खरं सांगितलं. त्यांनी दिरांना बाजूला नेलं. मग म्हणाले, "आमच्या भावकीत बी हाय एक असा. कुठं दाखवायचं असतं हो?" नवरदेवाचा कान मी पिळला. चांगला पिळला, अजून तक्रार करतोय.

पुतण्या व्यसनमुक्ती केंद्रात उपचाराला राहून आला. मध्ये एकदा पाय घसरलाच. पण त्या वेळी स्वतःच माझ्याकडं आला. "मोठीआय, मला परत न्या तिथं." घरचे नाराज झाले. मला मात्र ते लई मोठं वाटलं.

परवा शेजारणीच्या लेकाचं वर्षश्राद्ध झालं. जमलेल्या भावकीला तिनं उभं राहून सांगितलं, माझं पोरगं गोळ्यांनी गेलं. घरात कुणी असं घोरायला लागलं तर झोपू देऊ नका. पंगतीत वाढायला पुतण्याच होता. सगळ्यांच्या मागून जेवला आणि तिच्याच ओट्यावर आडवा झाला. जरा वेळानं घोरायला लागला.

आम्ही बायका भांडी घासता घासता थांबलो. शेजारीण राखेच्या हातानंच उठली अन् त्याला गदागदा हलवलं.

"काय हो काकू!" तो वैतागून उठून बसला. "आमटी लई झाली. झोपू द्या की घटकाभर."

तिनं त्याचे डोळे नीट न्याहाळले.

"झोप," ती म्हणाली. पण भांड्यांकडं परत आली नाही. त्याच्या उशाशी बसून राहिली, घोरणं ऐकत.