सतरा गाणी

वसतिगृहात नवी मुलगी आली की वॉर्डनबाई तिला पहिला प्रश्न विचारायच्या, "तुझे क्या-क्या आता है?" मुलगी बावरून जायची, कारण तोवर तिला काय येत नाही हेच सगळ्यांनी सांगितलेलं असायचं. बाई मात्र पेन उघडून बसायच्या आणि लाल बांधणीच्या जाड रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहीत जायच्या : मुंज गवताची टोपली विणते. पाण्याचा रंग पाहून मासे कुठे ते सांगते. विषारी अळंबी ओळखते. नऊ वर्षांच्या सुनैनाच्या नावापुढे शेवटची ओळ होती, 'आजीची गाणी – सतरा.' ती सगळी गाऊन होईपर्यंत बाईंनी जेवणाची घंटा वाजवू दिली नव्हती आणि आचारी फार चिडला होता.

लखनौच्या निशातगंजमधलं ते वसतिगृह नेपाळ सीमेलगतच्या तराईतल्या थारू आदिवासी मुलींचं. मी शेजारच्या महानगर कॉलनीतून चालत तिथे गणित शिकवायला जायची. नवरा रेल्वेत इंजिनिअर, मुलं बाहेरगावी शिकायला, आणि हाती घेतलेली मुलगी फर्स्ट क्लासात आल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. लखनौमध्ये मराठी कानावर पडणं दुर्मीळ, म्हणून वर्ध्याच्या या बाईंशी माझं लगेच जमलं. त्यांच्या हेल काढून बोलण्याची मी नक्कल करायची, माझ्या पुणेरी तोऱ्याची त्या करायच्या.

बाई शिक्षणाच्या विरोधात होत्या असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं आहे. बौद्ध वस्तीतल्या त्यांच्या घरात शाळेची पायरी चढलेल्या त्या पहिल्याच. "शिकली म्हून या खुर्चीवर बसून राहिली मी, नाहीतर लोकाच्या वावरात निंदत असती," असं त्या अभिमानाने सांगायच्या. म्हणूनच बारावी झालेली मुलगी घरी निघाली की त्या जे करायच्या, ते मला कळायचं नाही.

तेच रजिस्टर उघडून त्या ओळ न् ओळ वाचायच्या. मुलीला अजून येत असेल त्यापुढे खूण करायच्या, आणि विसरली असेल त्यापुढे स्वतःची सही. "पोरीची चूक नाही न ताई. आपल्या ताब्यात दिलेलं हरवलं तर सही कोणाची लागते?" मी म्हणायची, बाई, तुम्ही उगाच जिवाला लावून घेता.

सुनैना शाळेत पहिली आली, इंजिनिअरिंगला लागली. जूनमध्ये सत्कार झाला. संस्थेने मलिहाबादचे दशहरी आंबे वाटले. तेवढ्यात बाईंनी तिला ऑफिसात बोलावून हातात मुंजाच्या काड्या दिल्या. सुनैना हसली. "बड़ी दीदी, अब ये कौन करता है?" गाण्यांपैकी तिला दोनच आठवली, तीही अर्धी. बाईंनी सह्या केल्या. बाहेर सगळ्यांचे हात आंब्याने बरबटलेले आणि आत या सुतकी चेहऱ्याने बसलेल्या. मला भयंकर राग आला. माझ्या मुलीच्या यशाला या दृष्ट लावतायत, असं वाटलं.

पुढच्या वर्षापासून भाताच्या लावणीच्या दिवसांत त्या मुलींना पंधरा दिवस घरी पाठवू लागल्या. "आजी-मायजवळ बसून तेही शिकून येऊ द्या," म्हणायच्या. निकाल घसरला, गणिताचा सगळ्यात जास्त. शिक्षकांनी संस्थेकडे तक्रार केली, तिच्यावर माझीही सही होती. नापास झालेल्या चौघींची तोंडं माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि ती तक्रार मला आजही पुरती खोटी वाटत नाही. बाईंना काढून टाकलं.

जाण्याआधी त्या माझ्या घरी आल्या. चहा घेतला, रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. "हापिसात राहिलं तर रद्दीत जाईल. तुमच्यापाशी असू द्या." मग दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "तक्रारीवर तुमची सही पाहिली. अक्षर सुरेख आहे तुमचं." त्या वर्ध्याला गेल्यावर दोनदा फोनवर बोललो, तेही हवापाण्याचं. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मला महिन्याने कळलं.

परवा सुनैनाचा फोन आला. ती आता बंगळुरूला मोठ्या कंपनीत आहे, पण गावाहून बोलत होती. "मॅडम, दादी नहीं रहीं. सब औरतें कह रही थीं, दादी के गाने तू गा, तुझे ही तो सिखाए थे. मैं बस खड़ी रही." मग तिने विचारलं, "बड़ी दीदी ने रजिस्टर में लिखे थे न? उसमें बोल होंगे न, मॅडम?"

तिला फोनवर थांबवून मी कपाटातून रजिस्टर काढलं. पान लगेच सापडलं. 'आजीची गाणी – सतरा.' गाण्यातला एकही शब्द नव्हता. पुढे बाईंची सही. शब्द उतरवून घ्यायचं बाईंनाही सुचलं नव्हतं. मी तर त्या पोरीला नऊ वर्षं शिकवलं आणि एकदाही गायला सांगितलं नाही.

"नहीं हैं, बेटा," मी म्हटलं. तिने फोन ठेवला.

मी पेन घेतलं आणि बाईंच्या सहीखाली माझी सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं.