कपच्या कोणी दिल्या?

२०२३ साल. माझं वय सदुसष्ट. चौथी पास आहे, तेव्हा लिहिण्यात चूक असेल तर वाचताना सुधारून घ्या. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. जिन आहेत हे किताबात आहे, ते कबूल... पण ते आपल्या वाटेला कशाला येतील, असं म्हणणारा मी. कोणी काही सांगायला लागला की तोंडावर हसायचो. झालं तेवढं लिहितो.

मी रत्नागिरीकडचा. बापापासूनचा धंदा गडगे घालायचा — चुना-सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. अमिरातीत तीस वर्षं झाली. शेवटचं काम सर्व्हेवाल्यांकडे मिळालं. अल ऐनपासून गाडीने दोन तास, डोंगरावरच्या सपाटीवर दगडी घरांची जोती होती. गोल गोल, गुडघाभर उंच. चार हजार वर्षांपूर्वीची, असं आमच्या दिल्लीच्या मॅडम म्हणायच्या. मी आरशाची काठी दगडावर धरायची, वसईचा डिसूझा लांबून मशीनमधून माप घ्यायचा. कायदा एकच, दगड हलवायचा नाही. हलवला तर खलास, सरळ एअरपोर्ट.

आणि मला गावी जायचं नव्हतं. त्याच्या दोन महिने आधी माझी बायको जुलेखा वारली. दफन त्याच दुपारी झालं, मी पोचणार नव्हतो, म्हणून गेलोच नाही. रडलोही नाही. कामावर गेलो. मुलगा फोनवर म्हणाला, “अब्बा, टेक सम लीव्ह.” म्हटलं, कशाला? गावच्या घराला कुलूप आहे.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला मशीनची बॅटरी गेली. मॅडम आणि डिसूझा जीप घेऊन कॅम्पवर गेले. मी एका गोल घरात एकटा. वळताना पाय लागला आणि भिंतीतला एक दगड घरंगळला. उचलून परत ठेवला. बसेना. खालचा काढला, फिरवून लावला. मग बाजूला पडलेले दिसले... पन्नास वर्षांची खोड. हात थांबेना.

गडगा दोघांनी घालायचा असतो. एक जण आतून मोठे दगड बसवतो, दुसरा बाहेरून फटीत ठोकायला कपच्या देतो. गावी बाहेरच्या बाजूला जुलेखा असायची. मी न बघता हात पुढे करायचो, ती कपची ठेवायची. जाड बाजू माझ्या तळव्याकडे, कापू नये म्हणून.

मी हात पुढे केला. कपची आली. जाड बाजूने. ठोकली. परत हात केला, परत आली. किती वेळ, माहीत नाही. भीती नाही, नवल नाही... काहीच वाटलं नाही. जीपचा हॉर्न वाजला तेव्हा उठून पलीकडे बघितलं. पलीकडे पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला लागून कडा, खाली दोन पुरुष खोल.

डिसूझाने भिंत बघितली, मग सकाळचा फोटो. “काय चाचा, भिंतीला खत घातलंत काय? हातभर वाढली!”

“मी हात नाही लावला.”

“मग कोणी, बकरीने?” मॅडम लांब होत्या. तो आवाज खाली करून म्हणाला, “फोटो उडवतो. आहे तसंच माप घेऊ. नोकरी वाचेल तुमची.”

माझ्याच दगडांवर काठी मीच धरली.

जेवताना बापाचं बोलणं आठवलं. दुसऱ्याच्या कामाला आपलं नाव लावू नये, आपलं काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ देऊ नये — बापाने एवढंच शिकवलं होतं. आता माझा गडगा चार हजार वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी नावावर नकाशात जाणार होता.

जुलेखा होती असं मी म्हणणार नाही. कोण होतं, कोणाला माहीत असेल तर सांगा, पण मला पटेल असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचल्या पोचल्या मी लाल टेपचे तुकडे घेतले आणि माझ्या एकेका दगडावर चिकटवले. मॅडमना हाक मारली. डिसूझा मागून मान हलवून नको नको करत होता.

“ये मैंने लगाया. टेपवाले सब मेरे.”

मॅडम वाकल्या. मग फटीतल्या कपच्यांवर बोट ठेवलं. “और ये?”

“ठोके मैंने. दिए किसी और ने.”

“किसने दिए?”

मी डिसूझाकडे वळलो.

“माझं गावचं तिकीट काढ,” म्हणालो. “आजचं मिळालं तर आजचं.”