फळीवरची पैज

फळीवरून पहिल्यांदा पडले तेव्हा मी हसले. त्यानंतर मात्र हसायचं काही सुचलं नाही. समुद्राचं पाणी नाकातून वर चढलं की कपाळाच्या मागं कुठंतरी जाऊन बसतं आणि निघायचं नाव घेत नाही. शाळेत इतकी वर्षं पोरांना समुद्राचं पाणी खारट असतं म्हणून शिकवत आले. खारट म्हणजे काय ते त्या सकाळी कळलं, बाप्पा!

मी पांढुर्ण्याची. माहेर आणि सासर दोन्ही तिथंच, मधे फक्त बाजार. नोकरी सौंसरकडच्या शाळेत, म्हणून रोज बसनं जाणं-येणं. घरी आमचे हे आणि एकुलता एक पोरगा. यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. मे महिन्यात माझ्या सुट्ट्या आणि पोराची बारावीची परीक्षा झाली म्हणून आम्ही गोव्याला गेलो. माझ्या जन्मातला पहिला समुद्र. तो नीट पाहू तर द्यायचा! पण नाही. गाडी नागपूर सोडत नाही तोच पोरानं विषय काढला.

"आई, यंदा मी गोटमारीत उतरून राहिलो."

गोटमार म्हणजे काय हे आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांना सांगावं लागतं आणि सांगितलं तरी त्यांना खोटं वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठाला आमचं पांढुर्णा आणि त्या काठाला सावरगाव उभं राहतं. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. मग दिवसभर दोन्ही गावं एकमेकांवर गोटे फेकतात. झेंडा आणणारं गाव जिंकतं. डोकी फुटतात, हात मोडतात, काही घरांतला माणूस परत येत नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात तीच माणसं एकमेकांना रामराम करतात. भांडण नाही, वैर नाही, आणि तरी गोटे. यांचंही तरुणपण त्या नदीत गेलं.

आता पोराला मी तरी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? तो नववीत असल्यापासून मीच म्हणत आले होते, "अठरा पूर्ण होऊ दे, मग पाहू." मला वाटलं, तोवर शहाणा होईल. तो शहाणा झाला नाही, अठराचा मात्र झाला. मी यांच्याकडं पाहिलं, तर हे खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "गावचंच आहे ना ते. मी काय मेलो?"

"मेला नाहीत म्हणूनच तर बोलून राहिले!" मी म्हटलं. समोरच्या बर्थवरच्या बाई घाबरून पलीकडं सरकल्या.

गोव्यात दोन दिवस हेच चाललं. मी रागावले, ओरडले, जेवले नाही, मग भूक लागली म्हणून जेवले. पोरगा ढिम्म. तिसऱ्या सकाळी किनाऱ्यावर फिरताना काही लोक लांब रंगीत फळ्यांवर पालथे पडून लाटेबरोबर येताना दिसले. लाट आली की फळीवर उभं राहायचं आणि किनाऱ्यापर्यंत घसरत यायचं. नवशिक्यांना शिकवत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय एवढं! उभं तर राहायचं."

पोरगा खदखदून हसला. "तू? तू उभी राहशील? दोन मिनिटं नाही टिकणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, सौंसरची बस रोज उभ्यानं करते मी! एका हातात वह्यांची पिशवी, दुसऱ्या हातात डबा, दांडा धरायला तिसरा हात नाही मला. तू मला उभं राहणं शिकवतो?" आणि त्याच रागात पैज लावली. मी उभी राहिले तर यंदा त्यानं नदीत उतरायचं नाही. नाही राहिले तर मी गोटमारीबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही. दोन्ही हात फळीवरून सुटले पाहिजेत आणि शिकवणारी बाई 'हो' म्हणाली पाहिजे. हे साक्षीदार. पोरगा इतक्या लवकर हो म्हणाला की हे दिसतं तेवढं सोपं नाही, ते मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

शिकवणारी बाई तिशीची असेल, उन्हानं रापलेली, गळ्यात शिट्टी. तिनं मला अंगाला चिकटणारा निळा टी-शर्ट दिला. तो घालतानाच माझ्या नाकी नऊ आले. मग फळीची दोरी पायाला बांधली आणि वाळूवर पालथं झोपवलं. हात छातीजवळ ठेवायचे, अंग उचलायचं, एका झटक्यात पाय खाली घ्यायचे आणि वाकून उभं राहायचं. वाळूवर मला ते झटक्यात जमलं. ती म्हणालीसुद्धा, "वाह मॅडम!" मी पोराकडं अशी नजर टाकली की विचारू नका.

आणि मग पाण्यात गेलो.

कमरेएवढ्या पाण्यात बाई फळी धरून उभी राहायची. मी फळीवर पालथी, तोंड किनाऱ्याकडं. मागून लाट आली की ती फळी ढकलायची आणि ओरडायची, "अभी!" तेवढ्यात मी मागं वळून पाहायची. पाहिलं की फळी तिरपी. फळी तिरपी की मी पाण्यात. प्रत्येक वेळी हेच. मी ठरवायची, आता नाही पाहायचं, देवाशपथ नाही पाहायचं. लाटेचा आवाज मागं आला की मान आपोआप वळायची.

"मॅडम, पीछे मत देखो. सामने देखो, किनारा."

"हां हां," मी म्हणायची. आणि पाहायची.

"पीछे क्या है, मॅडम?"

काय सांगू तिला? माझं माहेर नदीला उतरणाऱ्या गल्लीत. गोटमारीच्या दिवशी आम्ही पोरी गच्चीवर बसायचो आणि गोटे कधीकधी तिथवर यायचे. आजी ओरडायची, माय ओरडायची, शेजारची काकू ओरडायची, सगळ्यांचं एकच. नदीकडं पाठ करायची नाही. गोटा येताना दिसला तर माणूस वाकतो, नाही दिसला तर बसतो डोक्यात. आमच्या गल्लीत पोरगं चालायला शिकतं तसं हे शिकतं. बाकीचं वर्ष नदी कोरडी असो की धुणं धुवायचं असो, आम्ही नदीकडं तोंड करूनच बसतो. आता ही बाई म्हणत होती, एवढा मोठा समुद्र अंगावर येतोय, त्याच्याकडं पाठ कर आणि खुशाल उभी राहा. माझ्या अंगाला ते पटतच नव्हतं.

"डर लग रहा है क्या?" तिनं विचारलं.

"डर? मुझे? मैं पांढुर्णा की हूँ!"

तिला पांढुर्णा कुठं आहे तेच माहीत नव्हतं. मी म्हटलं, नागपूर के पास. ती म्हणाली, "अच्छा, संतरा." आणि पुन्हा ढकललं. मी पुन्हा पाण्यात.

हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कडेला उभे होते आणि तिथून सल्ले देत होते. "गुडघे वाकव! पोट आत घे! घाई करू नको!" मी डोळ्यांतलं पाणी पुसत ओरडले, "तुम्ही या ना मग! या, वाकवा गुडघे!" हे दोन पावलं मागं सरले. पोरगा वाळूवर बसून शेंगा खात होता. सुरुवातीला प्रत्येक पडण्यावर टाळ्या वाजवायचा. मग टाळ्याही बंद झाल्या. ते जास्त लागलं.

माझे दंड भरून आले होते. गुडघा फळीवर आपटून सोलला होता, त्यावर मीठ चरचरत होतं. केसांत वाळू, कानात पाणी, आणि त्या निळ्या टी-शर्टानं तर जीव नको केला होता. रडूच आलं मला, रागानं. दाराएवढी ती फळी, आणि माझ्यानं तिच्यावर उभं राहवत नाही! बाईनं शिट्टीशी चाळा करत घड्याळ पाहिलं. वेळ संपत आला होता. मला समोर समुद्र दिसत नव्हता, पोळ्याचा दुसरा दिवस दिसत होता. पोरगा नदीत, आणि मी पैज हरलेली, तोंड शिवून गच्चीवर.

तेवढ्यात जवळच्या पाण्यात उभ्या असलेल्या तीन-चार पर्यटक मोबाईल काढून माझं पडणं टिपायला लागले. एक जण तर माझ्यासारखं हात हवेत फेकून दाखवत होता. बाकीचे हसून बेजार. मी काही बोलायच्या आधी पोरगा शेंगा टाकून पाण्यात आला होता. त्यानं त्या माणसांकडं असं पाहिलं की मोबाईल खाली गेले. मग माझ्याजवळ आला, चेहरा लालबुंद.

"काहून मागं पाहून राहिली तू घडीघडी?"

"पाहावंच लागते."

त्याला समजलं. त्या बाईला सकाळभर न समजलेलं त्याला एका शब्दात समजलं, कारण दर गोटमारीला त्यालाही माहेरच्या त्याच गच्चीवर बसवलं होतं, आणि त्याच्यावर ओरडणारी मीच होते. तो बाईला म्हणाला, "मैं धकेलता हूँ, आप बस बताओ कब." आणि माझ्या मागं जाऊन उभा राहिला.

"पाण्याकडं मी पाहून राहिलो, आई. मी आहो ना मागं. तू किनारा पाह्य."

"नीट पाहशील?"

"पाहून राहिलो म्हटलं ना!"

लाटेचा आवाज आला. माझी मान वळायला लागली आणि थांबली. मी किनाऱ्यावर यांच्या दुमडलेल्या पँटकडं नजर लावली. "अभी!" पोरानं ढकललं. छाती उचलली, पाय खाली आले, हात सुटले. आणि माय वो, मी उभी होते! पाणी सरसर पळत होतं, हे तोंड उघडं टाकून पाहत होते, आणि मी कुठलाही दांडा न धरता उभी होते. किती वेळ ते मला ठाऊक नाही. मग पडले, तोंडावर, पण पडल्याचं काहीच वाटलं नाही.

वर आले तर बाई शिट्टी वाजवत होती. "हो गया! खडे हो गए!" पोरगा पाण्यात उड्या मारत होता. दोन्ही मुठी वर, लहानपणी मारायचा तशा. "उभी राहिली! अबे, माझी आई उभी राहिली!" त्या मोबाईलवाल्यांनाच ओरडून सांगत होता.

आणि मग त्याला आठवलं. मी समोरच होते, मी पाहिलं ते. आधी मुठी खाली आल्या, मग हसू गेलं. तो लाटेत तसाच उभा राहिला. मी वाट पाहत होते, आता म्हणेल, हे धरायचं नाही, मी ढकललं. तो तसं म्हणाला नाही. "शब्द म्हणजे शब्द," म्हणाला आणि माझ्या पायाची दोरी सोडायला वाकला. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. मी जिंकले होते, आणि त्याच्या उतरलेल्या तोंडाचं मला काही काही वाटलं नाही.

पोळा आला, गेला. दुसऱ्या दिवशी दरवर्षीसारखे आम्ही माझ्या माहेरी होतो. सकाळपासून नदीकडून आरडाओरडा सुरू झाला. गल्लीतून त्याचे मित्र हाका मारत होते, "ये ना बे! का आईच्या पदराखाली बसला?" मी दाराशीच बसून होते, उठलेच तर निसटेल म्हणून. तो निसटला नाही. गच्चीवर गेला, खुर्ची टाकून बसला आणि दिवसभर नदीकडं पाहत राहिला. जेवायला खाली आला नाही. एकदा मी जिन्यातून डोकावले तेव्हा खाली कोणाला तरी उचलून नेत होते. तो ताडकन उभा राहिला, कठडा धरला, आणि पुन्हा बसला.

संध्याकाळी गलका थांबला तेव्हा मी चहा आणि कालची पुरणपोळी घेऊन वर गेले. त्यानं ताटाकडं पाहिलं नाही.

"पाळला शब्द," तो म्हणाला. "पण पुढच्या वर्षीचा नव्हता दिला."

मला ते माहीत होतं. मे महिन्यापासून माहीत होतं. रात्रंदिवस दुसरी पैज शोधत होते आणि सापडत नव्हती. बाचाबाची करायची म्हणून तोंड उघडलं, तर त्यातून भलतंच निघालं.

"पुढच्या वर्षी पैज नाही लावणार मी. तुझ्या पाया पडीन."

"काहीतरीच काय बोलून राहिली!" तो खुर्चीतून उठलाच.

"पडीन म्हणते ना. मले भेव वाटते रे तुझं. नदीत उतरशील म्हणून भेव वाटते. दिवसभर हातपाय गार होऊन राहिले माझे."

त्यानं माझे हात हातात घेतले, ते खरंच गार आहेत का ते पाहिलं.

"तुले भेव वाटते?" तो म्हणाला. "मले वाटे, तुले फक्त रागच येते."