रोल जागेवरच, तरी चोरी!

चोर एकदा येऊन जातो, किस्से मात्र वर्षानुवर्षं येत राहतात. आमच्या ऑफिसात चहा आला की कोणीतरी सुरू करतंच, आणि दर वेळी किस्सा थोडा फुगतो. म्हणून म्हटलं, आणखी फुगायच्या आत मीच सांगून टाकते. मी तिथले कॉम्प्युटर सांभाळते. नाव सुनीता मेश्राम, पण अख्ख्या ऑफिसची 'दीदी'!

रायपूरच्या इंडस्ट्रियल एरियात आमची कंपनी आहे. पोलादाच्या मिलला लागणारे रोल आम्ही बनवतो. पोळीचं लाटणं असतं ना, तसंच, फक्त वजन हत्तीएवढं आणि पोळी लालबुंद लोखंडाची! आमचा रोल बाजारात सगळ्यात जास्त टिकतो, कारण तो कसा तापवायचा आणि कसा थंड करायचा, याची पद्धत खोब्रागडे सरांनी शोधून काढली. सर मूळचे भंडाऱ्याचे, धातूंचे इंजिनियर. अर्धं आयुष्य त्यांनी भट्टीसमोर काढलं.

*

चोरी कळली दिल्लीच्या एका प्रदर्शनात. सर फिरत फिरत एका परदेशी कंपनीच्या स्टॉलवर पोचले. समोर रोल ठेवलेला, किंमत आमच्या निम्मी. सरांनी हात फिरवला आणि थबकले. टोकाला बोटभर खाच होती.

"ये खाँचा किसलिए है?" सरांनी विचारलं.

स्टॉलवरचा टायवाला म्हणाला, "सर, ये हमारा ॲडव्हान्स्ड कूलिंग फीचर है!"

सरांनी तिथूनच मला फोन लावला. "सुनीता, आपल्या शेडमंधल्या जुन्या क्रेनची साखळी घसरते म्हणून मीनं ती खाच पाडली होती वं! आन हे लोकं कूलिंग म्हणून विकून राहिले!"

आमचं ड्रॉइंग जसंच्या तसं गेलं होतं. क्रेनच्या दुखण्यासकट!

*

आता हे सेठजींना सांगायचं होतं. सेठजी म्हणजे आमचे मालक. हिंदीत बोलतात, मराठी सगळं समजतं.

"गेट पे गार्ड है, कॅमरे हैं। लेके कौन गया?"

"सेठजी, फाइल इथंच आहे. कॉपी गेली."

"मतलब हमारे पास है?"

"हव."

"और उनके पास भी है?"

"हव."

सेठजींनी पंखा वाढवला. मग म्हणाले, "याने हमारी बेटी की शादी हो गई, और हमको न्योता तक नहीं आया!"

कोणी हसलं नाही. तेही हसले नाहीत. उठून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "दीदी, घर में जो घुसा है, उसको निकालो। फिर आगे की देखेंगे।"

*

दिल्लीहून एक मॅडम आली. अशा चोऱ्यांचा माग काढणं हेच तिचं काम. वयानं माझ्या भाचीएवढी. आमच्या सर्व्हरच्या नोंदी उपसत ती काही दिवस खुर्चीतून हललीच नाही. मग तिनं सांगितलं की हे कुण्या एकट्यादुकट्याचं काम नाही. ही टोळी त्या स्टॉलवाल्या कंपनीच्याच देशातल्या सरकारच्या पगारावर चालते, आणि बऱ्याच काळापासून आमच्या सिस्टिममध्ये मुक्कामाला आहे.

"पण सरकारचेच आहेत हे कशावरून?" मी विचारलं.

ती म्हणाली, "उनका टाइम देखिए, दीदी. रोज ऑफिस टाइम में आते हैं. बीच में लंच करते हैं. उनके देश में सरकारी छुट्टी हो, तो आते ही नहीं!"

सर मागं उभे होते. म्हणाले, "घ्या! आपल्या पोट्ट्यायले सरकारी नोकरी भेटत नाही, आन चोरायले भेटून राहिली!"

*

ते शिरले कुठून, हे मात्र ऐकवत नव्हतं. सरांच्या मेलमधून. परदेशातल्या एका परिषदेचं आमंत्रण आलं होतं. त्यात सरांच्या एका जुन्या शोधनिबंधाची स्तुती होती, अगदी मुद्द्यामुद्द्यानं. सोबतची फाइल सरांनी उघडली, आणि दार उघडलं.

सर सेठजींकडे राजीनामा द्यायला निघाले. मी जिन्यात अडवलं.

"सर, कोणीही उघडली असती."

"तसं नाही वं." सर कठड्याला टेकले. "तो पेपर मीनं छापला, तं आपल्या ऑफिसात कोणी पाहिला बी नाही. घरी बायकोनं कपाटात ठेवला. मले वाटलं, चला, कोणी तरी वाचला! आन खरंच वाचला होता त्यायनं. माह्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मले मन लावून वाचणारे हेच भेटले!"

राजीनामा सेठजींनी फाडला. म्हणाले, "खोब्रागडेजी, जो चुराने लायक बना सकता है, उसको मैं जाने दूँगा?"

*

मग आम्ही कंबर कसली. सगळे कॉम्प्युटर एकदम बंद केले, पुसले, नव्यानं उभे केले. भट्टीचा कॉम्प्युटर इंटरनेटपासून कायमचा तोडला. लोकांना शिकवलं. नुसतं शिकवून भागत नाही, म्हणून मीच अधूनमधून खोटे मेल पाठवायची. 'आपलं पार्सल अडकलं आहे, इथे दाबा.' पहिल्या खेपेला निम्म्या ऑफिसनं दाबलं! ज्यानं दाबलं, त्याच्या टेबलाशी बसून मी पुन्हा सगळं समजावायची. कंटाळले ते, पण मी काही सोडलं नाही.

दिवाळी आली. सकाळी माझा फोन थांबेना. अकाउंट्सची पल्लवी रायपूरच्याच बूढापारा मोहल्ल्यातली. मराठी घरातली, पण मराठीत विचारा, उत्तर हिंदीत! म्हणाली, "दीदी, सब को बोल दो, कोई मत खोलना। सेठजी के नाम से बोनस का मेल आया है। सेठजी और बोनस? पक्का चोर है!"

मेल सेठजींचाच होता.

*

टोळी मात्र पुन्हा दार वाजवू लागली. दिल्लीच्या मॅडमनं सुचवलं की एक सापळा लावू. मुद्दाम चुकीची पद्धत लिहिलेली फाइल ठेवू. नेतील, रोल बनवतील, फुटेल, अद्दल घडेल.

सर म्हणाले, "नाही."

"काहून, सर?" मी चिडलेच. "त्यायनं आपलं घर लुटलं!"

"रोल फुटला का त्याचा तुकडा गोळीसारखा उडते, सुनीता. चोराचं घर जाळाचं तं जाळ, पण त्या घरात भाडेकरू राहतात. तो मिलवाला कामगार कोणत्या देशाचा का असेना, त्यानं काय चोरलं?"

शेवटी सापळ्याच्या फाइलला नाव दिलं 'नवीन रोल, अंतिम पद्धत', आणि आत भरलं सरांच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीचं भांडण! कमिटीच्या सगळ्या बैठकांचं, सरांच्या भंडाऱ्याकडच्या बोलीत, शिव्यांसकट. टोळीनं झाडून सगळं उचललं.

सरांना जरा वाईटच वाटलं. "त्या टाकीचं भांडण आजून आमाले समजलं नाही. बिचारे ते काय समजतीन!"

*

आणि हा शेवटचा किस्सा.

दुपारी सरांना एक मेल आला. सरांनी तो न उघडता मला दाखवला. मी सगळीकडून तपासला. फाइल नाही, लिंक नाही, काही नाही. साधा इंग्रजी मजकूर. लिहिणारा त्याच परदेशी कंपनीत इंजिनियर होता, मेल मात्र स्वतःच्या घरच्या पत्त्यावरून पाठवलेला. लिहिलं होतं, 'आपण शोधलेल्या पद्धतीने आम्ही रोल बनवतो. लिहिल्याप्रमाणे सर्व करतो. तरी काही महिन्यांनी टोकाच्या निमुळत्या मानेपाशी बारीक चीर दिसते. आपण त्यावर काय करता?'

सेठजींना बोलावलं. त्यांनी वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "ये तो कबूलनामा है! वकील को बुलाओ। जवाब कोई नहीं देगा!"

"वकिलाले बोलवा ना," सर म्हणाले. "बोलवाच. केस लढाचीच हाय, मी सोडत नाही त्यायले. पण जवाब मी आता देतो."

"क्या लिखोगे? हमारा राज़?"

सरांनी खुर्ची ओढली आणि ते एका बोटानं टाइप करू लागले. सेठजी मागं उभे. मी बाजूला. फक्त दोन ओळी झाल्या.

'चीर दिसलेले रोल आजच उतरवा. जवळ माणसं उभी असतात.'

सरांनी वळून पाहिलं. सेठजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हळूच म्हणाले, "भेज दो।"

चहा येईपर्यंत उत्तर आलं. एकच शब्द होता.

'उतरवले.'

सर उठले. चहा तसाच ठेवला. "चाल वं सुनीता," म्हणाले, "नव्या रोलची भट्टी आज उघडाची हाय."