वाऱ्याचं माहेर

हवारावांना हवामान विचारायची सोय नव्हती. "अहो, छत्री नेऊ का?" असं बायकोने दारातून विचारलं, की ते गंभीरपणे सांगत, "माझी हवा पन्नास किलोमीटर वर आहे. खालचं मला माहीत नाही." बायको मग शेजारणीला विचारी.

नोकरीच तशी होती. संगणकात वरच्या हवेचं अख्खं वर्ष चालवून बघायचं. तिथे हिवाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि उन्हाळ्यात उलटून पूर्वेकडून. अकरा वर्षं त्यांनी हे मॉडेल पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि आता ते हट्टाला पेटलं होतं. हवेतून वर चढणाऱ्या लाटा वाऱ्याला कशा अडवतात, त्याचं नवीन गणित जोडल्यापासून वारा उलटेचना. संगणकात बारमाही हिवाळा. साहेबांनी सांगून टाकलं, "शुक्रवारी सकाळपर्यंत वारा फिरला नाही, तर हे काम बंद. तुम्ही माहितीपत्रकं काढायला बसा."

गुरुवारी सासूबाई आल्या. बाईंची हयात बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत गेलेली, त्यामुळे चौकशी केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. जेवताना त्यांनी विचारलं, "पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेला निघालेला ना? बसला जायच्या गावाची पाटी असते, तसा?"

"नाही हो आई," हवाराव वैतागले. "वाऱ्याचं नाव माहेरावरून पडतं. आला कुठून, ते बघायचं. एवढं तर कुणीही..."

घास हातातच राहिला. नव्या गणितात त्यांनी स्वतःच बसची पाटी लावली होती. पश्चिमेचा वारा पश्चिमेला निघालेला धरला होता, म्हणून लाटा त्याला अडवायचं सोडून मागून ढकलत होत्या. ते उष्ट्या हातानेच ऑफिसला पळाले.

शुक्रवारी साहेबांच्या देखत पडद्यावरचे बाण एप्रिलपाशी रेंगाळले, थबकले आणि उलटे वळले. हवारावांचे डोळे भरून आले. त्यांनी घरी फोन लावला. "वारं फिरलं! उन्हाळा आला!"

बाहेर दात वाजवणारी थंडी होती. बायकोने फोन आईकडे दिला.

"जावईबापू, अभिनंदन," सासूबाई म्हणाल्या. "मग मी आता अंगातला स्वेटर काढू का?"

हवारावांनी नाक पुसलं. "ते शेजारणीला विचारा, आई."